आधी सासूचा हात

यंत्र चुकलं असतं तर बरं झालं असतं. चुकलेल्या यंत्राला शिव्या घालता येतात, दुरुस्तीला धाडता येतं. आमचं 'मागोवा' वाचण्यात कधी चुकलं नाही. चुकत होते ते त्याच्या पडद्याकडे बघून मान डोलावणारे, आणि त्यांत आमचे साहेब पहिल्या नंबरचे.

मी कल्याणी वाढई. पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, एका तालुक्याच्या आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाच्या जंतूंची कुळी लावते. काम सोपं आहे. रोग्याच्या कानाच्या पाळीला बारीक छेद द्यायचा आणि निघालेला थेंबभर द्राव यंत्राच्या तोंडाशी ठेवायचा. आपण जेवून येईपर्यंत यंत्र त्या जंतूची सगळी जनुकीय लिपी वाचून काढतं, तालुक्यातल्या बाकी रोग्यांच्या जंतूंशी ताडून बघतं आणि पडद्यावर साखळी आखतं. अमक्याकडून तमक्याकडे, मधे लाल बाण. हा बाण रोग्याच्या घरच्या सगळ्यांच्या फोनवर जातो. घरच्यांनी सावध व्हावं, असा उदात्त हेतू. घरच्यांच्या फोनवर गेलेली गोष्ट गावात किती वेळ झाकून राहते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि कुठल्या दिवसांत आणलं हे यंत्र? या रोगाची भीती जवळजवळ मेली होती तेव्हा! म्हातारे 'महारोग' म्हणताना अजून आवाज खाली आणायचे, पण नवी पोरं अंगावर चट्टा दिसला की सरळ केंद्रात यायची. गोळ्यांची पाकिटं ड्रोननं अंगणात पडायची, वर्षभरात माणूस मोकळा. गोळ्या सुरू झाल्या की रोग पसरत नाही, हे शेंबडं पोरही सांगायचं. मग मागोवा आलं. 'कोणाला झाला' हा प्रश्न मागे पडला आणि 'कोणापायी झाला' हा पुढे आला. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक नाव लागतं, आणि नाव मिळालं की लोकांच्या अंगात येतं.

आंबेबोडी गावात नाव मिळालं ते मोनाली मोहुर्लेचं.

ती केंद्रात आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"मॅडमजी, बाण पुसता येते का जी?"

"बस आधी. पाणी पी."

"पाणी नको. पुसता येते का तेवढं सांगा."

मोनालीला मी ओळखत होते. गेल्या हिवाळ्यात ती आपणहून आली होती. डाव्या हातावरच्या गोंदणाच्या रेघांवर फिकट चट्टा, टाचणीनं टोचलं तरी कळत नव्हतं. मी गोळ्या दिल्या, तिनं त्या एकही न चुकवता घेतल्या. नियमाप्रमाणे मग तिच्या घरच्यांची तपासणी झाली. नवरा प्रफुल आणि छोटी लेक चिमी चांगले निघाले. सासू पारबताबाई बाधित निघाली. यंत्रानं दोघींचे जंतू ताडले आणि लाल बाण काढला: मोनालीकडून पारबताबाईकडे.

त्या बाणावर अख्खं घर उठलं. सुनेनं रोग आणला, सासूला दिला, आता नातीला देईल. मोनालीला माहेरी धाडलं आणि चिमीला ठेवून घेतलं. चुलतसासरा डोमाजी येत्या रविवारी भावकीची बैठक घेणार होता. फारकत आणि लेकीचा ताबा, दोन्हींचा निकाल त्या बैठकीत लागायचा होता.

"प्रफुल काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो का म्हणन? त्याची माय म्हणते ते." तिनं पदरानं नाक पुसलं. "फारकत दिली तं देऊ द्या. पोरगी पायजे मले, मॅडमजी. ते आपल्या हातानं जेवतबी नाही अजून."

ती गेली आणि मी टेबलावरचा पेपरवेट उचलून परत आपटला. कारण त्या बाणाचं टोक कुठून येतं, ते मला माहीत होतं.

थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. कुष्ठरोगाचा जंतू महाआळशी. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत तो वाढतच नाही, आणि माणसाच्या अंगात एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास पंधरवडा लागतो. अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. त्याची लिपी तेहेतीसेक लाख अक्षरांची, आणि त्यातलं एखादं अक्षर बदलायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. त्यामुळे सासूच्या अंगातला जंतू आणि सुनेच्या अंगातला जंतू शेजारी ठेवले तर अक्षरन् अक्षर सारखं निघतं. दोघींचा रोग एका कुळीचा आहे, एवढं यंत्र छातीठोकपणे सांगू शकतं. कोणाकडून कोणाला गेला, ते त्या लिपीत नेहमीच्या वाचनानं दिसत नाही.

मग यंत्र बाणाला टोक कसं काढतं? ज्याची नोंद आधी, तो मूळ. बस्स, एवढीच अक्कल. वीस वर्षं दडून बसणाऱ्या रोगात नोंदीच्या तारखेवरून मूळ ठरवायचं! म्हणजे जो शहाणपणानं आधी दवाखान्यात येईल, तोच चोर. उशिरा येणारा साव.

मी जिल्ह्याला फोन लावला. डॉ. देशकर आमचे कार्यक्रम अधिकारी. माणूस गोड बोलतो, त्यामुळे राग आणखी येतो.

"साहेब, आंबेबोडीचा बाण पोकळ आहे. तिथं टोक नको, नुसती रेघ पुरे."

"अहो वाढई, नुसत्या रेघेला काय अर्थ? स्रोत निश्चित झाला पाहिजे. स्रोताची चौकट रिकामी राहिली की नकाशावर आपला जिल्हा पिवळा दिसतो."

"आणि इथं एका बाईचं लेकरू तोडताहेत, त्याचं काय?"

"तो सामाजिक प्रश्न झाला. आपण तांत्रिक माणसं." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्हाला एवढंच वाटत असेल तर दुसरा स्रोत दाखवा. पुराव्यासकट. लगेच बाण फिरवू."

दाखवतेच, म्हटलं मनात, आणि गाडी काढली.

पारबताबाईचं घर गावाच्या कडेला, बोडीच्या पाळीजवळ. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेततळं. छतावर सौर पाट्या, अंगणात धान पाखडायचं मशीन, पण चहा मात्र अजून चुलीवर. बाई साठीच्या आतली, काटक, तोंडानं फटकळ. चिमी तिच्या पदराला धरून उभी होती आणि माझ्याकडे टकामका बघत होती.

"या, या मॅडम. तुमच्याच यंत्रानं आमचे डोळे उघडले," पारबताबाई म्हणाली. "नाई तं त्या पोरीनं आमाले कवाचं गिळलं असतं."

"गोळ्या घेता ना?"

"घेते ना बापा. दुसऱ्याचं पाप, आपल्याले फेडा लागते."

मी जीभ चावून बसले. तिनं चहा उकळला, आणि चुलीवरचा फसफसता गंज, म्हणजे चहाचं पातेलं, दोन्ही हातांनी कडेला धरून खाली उतरवला. हातात फडकं नाही, सांडशी नाही. मी पाहतच राहिले.

"अहो, पोळलं नाही?"

शेजारची गिरजाबाई ओट्यावर बसली होती, ती खो खो हसली. "मॅडमले माहीतच नाही! मोहुर्ल्याइच्या बायांचे हात होत ते. पारबताची सासू तं चुलीतला इंगळ उचलून चिलमीवर ठेवे. गावोगावचे लोक पाहाले येत. तिचा हात पारबताले उतरला."

"उतरला म्हणजे?"

"गोंदणातून," पारबताबाई म्हणाली. जणू हे कोणालाही ठाऊक असतं.

मग दोघींनी मिळून मला समजावलं. आंबेबोडीत जोडगोंदणाचा रिवाज आहे. सून घरात आली की पहिल्या महाशिवरात्रीला सासू तिला नदीकाठच्या यात्रेत नेते. दोघी गोंदणारणीपुढे बसतात. आधी सासूच्या हातावरची जुनी नक्षी उजळायची, मग त्याच सुईनं तीच नक्षी सुनेच्या हातावर काढायची. सासूच्या हातात जी बरकत असेल, ती सुनेत उतरते. कोणाच्या हाताची चव उतरते, कोणाचा धान रोवण्यातला वेग. मोहुर्ल्यांच्या घरी आग सोसणारा हात.

"आणि सुई मधे बदलायची नाही?"

"बदलली तं हात कसा उतरन?" पारबताबाईनं मला वेड्यात काढलं. "आता गोंदणारीण बॅटरीचं मशीन आणते, कायद्यानं नव्या सुयांच्या पुड्याबी आणते. आमी तिले मधात पुडी फोडूच देत नाही."

चहाचा पेला देताना तिचा तळवा दिसला. पांढऱ्या पडलेल्या जुन्या डागण्या, करंगळी किंचित आत वळलेली.

"तुम्हाला कधी कळलं, हात उतरला म्हणून?"

"सासू गेली त्याच्या मागच्या साली. भाकरी भाजता भाजता तव्यावरच हात रायला, आन् मले पत्ताच नाही!" तिचा चेहरा खुलला होता. "पेढे वाटले होते मी गावात."

मी चहाचा पेला खाली ठेवला. हा रोग आधी नसा खातो. चटका कळत नाही, टोचलेलं कळत नाही, बोटं वळायला लागतात. या घरात दोन पिढ्यांनी रोगाला देणगी समजून जपलं होतं आणि सुईनं हातोहात पुढे दिलं होतं. गाव तर माझ्या यंत्राच्याही पुढे होतं. रोग कोणत्या वाटेनं आला ते त्यांना आधीच बरोबर ठाऊक होतं, फक्त त्याला ते आशीर्वाद म्हणत होते. कपाळ बडवून घ्यावं की हसावं, कळेना.

केंद्रात परतले आणि दोघींचे राखून ठेवलेले नमुने पुन्हा यंत्रात घातले. या वेळी खोल वाचन लावलं. खोल वाचन म्हणजे नमुन्यातल्या एकेका जंतूची लिपी सुटी सुटी वाचायची. साहेबांना ते परवडत नाही, म्हणून कोणी करत नाही. जंतूच्या लिपीत काही जागी अक्षरांची एकच जोडी अडखळल्यासारखी पुन्हा पुन्हा येते. बाकीची लिपी दगडासारखी स्थिर, पण ही अडखळण लवकर बदलते. रोग अंगात जितका जुना, तितके तिचे वेगवेगळे प्रकार एकाच माणसात सापडतात. कोठीतलं जुनं मिश्र धान आणि त्यातून बियाण्याला काढलेली मूठ, असं समजा. कोठीत सगळ्या जाती मिळतात. मुठीत त्यांतल्या एकदोनच येतात.

पारबताबाईच्या नमुन्यात अडखळणीचे कितीतरी प्रकार निघाले. मोनालीच्या नमुन्यात एकच, आणि तो पारबताबाईत होता. कोठी सासूची, मूठ सुनेची. शिवाय सुनेचा चट्टा बरोबर गोंदणाच्या रेघांवर. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. मग पुरावा घेऊन तडक मोनालीच्या माहेरी गेले. म्हटलं, पोरगी आनंदानं नाचेल.

ती नाचली नाही. स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाली, "म्हणजे माझाबी हात उतरला म्हणा."

"रविवारी बैठकीत मी सगळं सांगणार. यंत्राचा बाण उलटा फिरवून देते, बघ."

"आत्याबाईवर नका टाकू." ती सासूला आत्याबाई म्हणायची.

"काय?"

"तिले वेगळं काढतीन ते. डोमाजीकाका तं वाटच पाहून रायले, मोठ्या वहिनीचा तोरा कवा उतरते म्हणून. चिमी तिच्याच मांडीवर जेवते, मॅडमजी. मी रोवण्याले गेली तं दिवसभर तिच्याजवळ राहते. पोरीची आई तुटली ते तुटली, आता आजीबी तोडू का?"

माझं डोकं फिरलं. "अगं, त्या बाईनं तुला घराबाहेर काढलं! पाप म्हणते ती तुला!"

"म्हणते. जीभच तशी आहे तिची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी चिडा, मले शिव्या द्या, पण तिचं नाव घेऊ नका."

"मग बैठकीत काय सांगू? भूत आलं?"

"सुई सांगा. खोटं तं नाही ना ते?"

खोटं नव्हतं. मी चरफडत कबूल झाले.

रविवारी सकाळी समाजमंदिरात भावकी जमली. पुरुष खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर, मोनाली दाराशी एकटी. चिमी आजीच्या मांडीत अडकवून ठेवलेली, आईकडे हात करून रडत होती. भिंतीवर देणगीदारांच्या फोटोंमध्ये डोमाजीच्या आईचा, म्हणजे पारबताबाईच्या सासूचा, हार घातलेला फोटो होता. इंगळ उचलणारी म्हातारी ती हीच. प्रफुल खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. त्याला धरून हलवावंसं वाटत होतं.

मी उभी राहिले. "यंत्रानं काढलेला बाण चुकीचा आहे. फक्त नोंदीच्या तारखेवरून काढलेला आहे. मोनालीनं रोग आणला नाही. रोग आला गोंदणाच्या सुईतून."

कुजबुज झाली. डोमाजीनं मिशीवरून हात फिरवला. "असं कसं मॅडम? सुई का रोग पोटात घेऊन येते? सुईवर कोणाचं तरी रक्त असन ना?"

"ते आता नक्की सांगता येणार नाही," मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे ते फार वाईट निघालं.

आणि ज्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता, ती झाली. वास्तविक चहा पाजून मला समजावली होती तीच गोष्ट. सतरंजीवरून गिरजाबाई सहज बोलून गेली, "जोडगोंदणात तं आधी सासूचा हात राहते."

सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी यंत्र लावायची गरजच नव्हती. एकेक मान पारबताबाईकडे वळली. मोनालीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी दुसरीकडे बघू लागले.

डोमाजीला सावरायला वेळ लागला नाही. "अस्सं. म्हणजे वहिनी, तुमी!" तो खाकरला. "मग सुनेच्या फारकतीचं राहू द्या. पण वहिनीची सोय गोठ्याजवळच्या खोलीत करा. भांडी वेगळी, अंथरूण वेगळं. लेकरू तिच्याजवळ नको."

"अहो, त्यांच्या गोळ्या सुरू आहेत!" मी ओरडले. "त्यांच्यापासून आता कोणाला काही होत नाही! किती वेळा सांगायचं?" पण ऐकतो कोण. बाण फिरवला की माणसं शहाणी होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त बसायची बाजू बदलली.

पारबताबाई हळूच उठली. चिमीला खाली ठेवलं. स्वतःचे तळहात पालथे-उताणे करून बघितले.

"मॅडम, हात उतरला म्हणजे का झालं, ते मले नीट सांगा. लपवू नका."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "चटका न कळणं हाच हा रोग आहे, पारबताबाई. नसा मरतात म्हणून आग लागत नाही."

"म्हणजे पेढे वाटले ते..."

मी मान हलवली.

तिनं तळहात पदराला पुसले. मग डोमाजीकडे वळली. आवाज पहिल्यासारखाच फटकळ होता. "भाऊजी, माझ्या जोडगोंदणात आधी हात कोणाचा होता?"

डोमाजी खुर्चीत मागे सरकला.

"सांगा ना. इंगळ कोण उचले? चिलीम कोणाची भरे?" तिनं भिंतीकडे बोट केलं. "तुमची माय. तिच्या आधी तिची सासू. तिलेबी न्या गोठ्यात. काढा फोटो, मी नेते उचलून."

 मग सतरंजीवर सळसळ झाली. बाया पदर ओढून हात झाकत होत्या. म्हाताऱ्या, सुना, डोमाजीची बायको शांताबाईसुद्धा. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या हातावर कोणाच्या तरी नंतर उतरलेली नक्षी होती.

"बैठक झाली," डोमाजी उठत म्हणाला. "घरी जा सगळे."

चिमी धावत जाऊन मोनालीच्या कमरेला चिकटली. प्रफुलनं मोनालीची पिशवी उचलली, तेवढं एक काम त्यानं त्या दिवशी केलं. पारबताबाई सुनेशी अक्षर बोलली नाही. पुढे चालू लागली, आणि त्या दोघी मायलेकी तिच्या मागून गेल्या.

माझा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी देशकरांचा फोन.

"अभिनंदन, वाढई! पुरावा उत्तम. बाण फिरवला आम्ही. आता या पारबताबाईंच्या आधीचा स्रोत?"

"त्यांची सासू. वारली."

"नमुना?"

"राख आहे साहेब. नदीत."

"अरेरे," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. नकाशाचं.

मग मी आंबेबोडीत शिबिर लावलं. जोडगोंदण झालेल्या प्रत्येकीचा हात तपासायचा, एवढंच मागणं होतं. दवंडी दिली, फोनवर संदेश धाडले, ग्रामपंचायतीच्या ओसरीत टेबल मांडलं, यंत्र चालू करून बसले. दुपार झाली तरी चिटपाखरू नाही. समोरच्या नळावर बाया पाणी भरत होत्या आणि वैशाखाच्या त्या उन्हात प्रत्येकीच्या अंगात मनगटापर्यंत लांब बाह्यांचं पोलकं होतं. गावातला शिंपी म्हणे तीन दिवस झोपला नाही.

रडू यायचं बाकी होतं. इतक्या वर्षांनी रोगाची वाट सापडली होती, अगदी सुईच्या टोकापर्यंत. आणि मी ती दाखवली म्हणूनच माणसं दार लावून बसली होती. याआधी यांनी चट्टे दाखवले असते. आता मरेपर्यंत दाखवणार नव्हत्या. माझी सगळी विद्या लांब बाह्या शिवण्याच्या कामी आली.

सामान आवरायला उठणार, तेवढ्यात पारबताबाई आली. मागे मोनाली, तिच्या कडेवर चिमी.

"कोणी आलं नाही?" तिनं विचारलं.

"दिसतंय ना."

"चिडता कायले? बसा." ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि गोंदलेला हात टेबलावर पसरला. तिची बाही आखूडच होती. "घ्या, पाहा."

"तुमचं झालंय तपासून. गोळ्या चालू आहेत."

"मले माहीत आहे. तुमी पाहाचं नाटक करा." मग मान वळवून तिनं नळाकडे असा आवाज टाकला की चिमी दचकली. "वं शांता! वं गिरजा! यात्रेत तं मोठ्या तोऱ्यानं सुनेच्या आधी बसता! आधी सासूचा हात, हाच रिवाज आहे ना आपला? मंग आता सासवा काहून लपल्या? सुनांचे हात सडू द्याचे का?"

नळावरच्या बाया थिजल्या. पारबताबाईनं परत माझ्याकडे तोंड केलं, आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "तू बस माझ्या मागं. ऊन लागते लेकराले."

एवढंच बोलली. मोनाली ओसरीच्या सावलीत सरकून बसली.

बऱ्याच वेळानं शांताबाई रस्ता ओलांडून आली. तिची सून दोन पावलं मागे. ओसरीच्या पायरीशी शांताबाई थांबली आणि यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "बाण निघन का जी?"

मी यंत्राकडे पाहिलं. स्रोताची चौकट उघडी होती, त्यात नाव भरल्याशिवाय ते पुढे जात नाही. यंत्राशिवायही हात तपासता येतो, गोळ्या देता येतात. माझ्या आधीच्या लोकांनी जन्मभर तेच केलं. मी बटण दाबून पडदा बंद केला आणि यंत्र पेटीत घालून पेटी टेबलाखाली ढकलली. देशकरांचा जिल्हा होऊ दे पिवळा. हवा तर निळा होऊ दे.

"नाही निघणार," मी म्हटलं. "या, बसा."

शांताबाई बसली. लांब बाही तिनं कोपरापर्यंत सारली. मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि टाचणी घेतली.

"टोचलेलं कळलं की सांगायचं."

"कळलं," ती लगेच म्हणाली.

"काकू, मी अजून टोचलं नाही."

पारबताबाई नाकातून हसली. शांताबाईनं डोळे उघडले, सुनेकडे पाहिलं, आणि परत घट्ट मिटले. मी गोंदणाच्या फुलावर टाचणी टेकवली. मग त्याच्या खाली, मग मनगटाजवळ. पुन्हा फुलावर, जरा जोरात.

ती काहीच बोलेना. मग डोळे तसेच मिटलेले ठेवून, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नाही कळत वं पारबता."

पारबताबाई स्टुलावरून उठली, तिच्या शेजारी जमिनीवर टेकली, आणि शांताबाईच्या सुनेला म्हणाली, "ये माय. आता तुझा."